पोकळीचे कारागीर

मराठीत 'साचेबद्ध' हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. कथा साचेबद्ध असली की ती फसलेली असते, भाषण साचेबद्ध झाले की श्रोते घड्याळाकडे बघू लागतात. 'घडीव' म्हटले की मात्र त्यामागे हात, घाम आणि बुद्धी दिसते. छिन्नी चालवणारा पाथरवट, ऐरणीवर घण घालणारा लोहार, पत्र्यावर ठोके देणारा तांबट यांना आपण कारागीर मानतो. साच्यात धातू ओतणाऱ्याकडे मात्र 'ओतले की झाले' अशा नजरेने पाहतो. फौंड्रीत छायाचित्र काढायला गेलेला माणूसही वितळलेल्या लोखंडाच्या पिवळ्याधमक धारेवरच कॅमेरा रोखतो. ती धार देखणी असते, यात शंका नाही. पण ओतकामाचा बराचसा निकाल ती धार पडण्याआधीच, तिच्याखाली दाबून बसवलेल्या काळ्या ओलसर वाळूत लागलेला असतो. धातू वितळवणे ही या व्यवसायातली त्यातल्या त्यात सोपी बाब आहे. तो हव्या त्या क्रमाने, हवा तसा गोठवणे हीच अवघड विद्या, आणि ती साचा करणाऱ्याच्या हातात असते, असे माझे म्हणणे आहे. हे पटले तर आपल्या कारखान्यांनी पैसा, शिक्षण आणि काळजी कुठे खर्च करावी, याचा हिशेबही नव्याने मांडावा लागेल.

हा विषय आपल्याला परका नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रुजलेला आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पसरत गेलेला फौंड्री उद्योग ऑइल इंजिनांच्या आणि उसाच्या चरकांच्या सुट्या भागांवर वाढला. आज तिथून ट्रक-ट्रॅक्टरची सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, गिअरबॉक्सची कवचे, पंपांच्या बॉड्या देशभर आणि देशाबाहेर जातात. वर्षाला एक कोटी टनांहून अधिक ओतीव माल काढणारा भारत या धंद्यात चीनच्या पाठोपाठ येतो. घरातला बिडाचा तवा, रस्त्यातले गटाराचे झाकण, शिवणयंत्राचे जुने पाय, विहिरीवरच्या पंपाची बॉडी, गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक या साऱ्यांची जन्मकथा एकच आहे. हव्या त्या आकाराची पोकळी आधी तयार करायची आणि मग ती धातूने भरायची. ऐकायला हे सोपे वाटते, कारण पाणी ओतण्याची सवय आपल्याला असते. पण पाणी भांड्याचा आकार घेते आणि तसेच राहते. धातू भांड्याचा आकार घेतो, लगेच आकसायला लागतो, भांड्याच्या भिंतीशी भांडतो, हवा आणि वाफ पोटात घेतो, आणि गोठता गोठता आतून स्वतःला फाडूही शकतो.

सुरुवात पॅटर्नपासून होते. लाकडाचा, धातूचा किंवा आता रेझिनचा हा नमुना वाळूत दाबून काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. पण नमुना हुबेहूब वस्तूच्या मापाचा केला तर वस्तू लहान निघते, कारण घट्ट झाल्यावरही थंड होताना धातू आकसत जातो. साध्या बिडासाठी हे आकसणे सुमारे एक टक्का असते, पोलादासाठी जवळजवळ दुप्पट. म्हणजे एक मीटर लांबीचा बिडाचा भाग हवा असेल तर नमुना १,०१० मिलिमीटरचा करावा लागतो. यासाठी पॅटर्नमेकर पूर्वीपासून वेगळी मोजपट्टी वापरत आला आहे. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा आखलेला असतो, बिडासाठी एक पट्टी, पोलादासाठी दुसरी. शिवाय नमुना वाळूतून वर काढताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यायचा, नंतर यंत्रावर छिलून काढायच्या पृष्ठांवर जादा मांस ठेवायचे. भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी, सुताराच्या बाकावर, धातूच्या वागण्याचा अंदाज बांधला जातो तो असा.

मग वाळू. बाहेरच्या माणसाला ती माती वाटते, आणि फौंड्रीतही तिला माती म्हणतात. सिलिकाची वाळू, तिला धरून ठेवणारी बेंटोनाइट माती, थोडी दगडी कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी असे हे मिश्रण असते. या चौघांपैकी प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या विरुद्ध जाते. कण बारीक असले तर वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण वायू बाहेर पडायला वाट राहत नाही. वाळू घट्ट ठोकली तर साचा धातूच्या दाबाला पुरतो, पण श्वास कोंडतो. पाणी कमी पडले तर कडा भुसभुशीत होऊन ढासळतात आणि वाळूचे कण धातूत मिसळतात. पाणी जास्त झाले तर त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशांवर सुमारे १.७ लिटर वाफ बनते आणि पुढे तापेल तशी ती आणखी फुगते. साच्यात येणारे बीड १,३५० ते १,४०० अंशांवर असते. त्या क्षणी निघालेल्या वाफेला वाळूच्या फटींतून वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते आणि गोठलेल्या वस्तूच्या पोटात फुगे राहतात. फौंड्रीत यांना ब्लो-होल म्हणतात. ते बाहेरून दिसत नाहीत. भाग ग्राहकाकडे जातो, यंत्रावर चढतो, हत्यार दोन मिलिमीटर आत जाते आणि भोक उघडे पडते. तोवर कोळसा, वीज, मजुरी, वाहतूक सगळे खर्च झालेले असते. कोळशाच्या भुकटीचेही काम असेच बारीक आहे. ती गरम झाल्यावर निघणारा वायू धातू आणि वाळू यांच्यामध्ये कार्बनचा पातळ पडदा धरतो, म्हणून वाळू धातूला चिकटत नाही. साचे करणारा मुरलेला मोल्डर मूठभर वाळू दाबतो, तिचा गोळा मोडतो आणि मोडलेली कड बघतो. कड धारदार राहिली की ओल बरोबर आहे, हे त्याला कळते. हीच गोष्ट प्रयोगशाळेत ओलावा, ताकद आणि वायूची वाट मोजून आकड्यांत मांडता येते. दोन्ही पद्धती एकाच ज्ञानाच्या आहेत आणि त्यातली एक अडाणी आहे असे समजणे चूक आहे.

वस्तू आतून पोकळ हवी असेल तर साच्यात गाभा, म्हणजे कोअर, ठेवावा लागतो. इंजिनाच्या हेडमध्ये पाणी खेळवणाऱ्या वाकड्यातिकड्या वाटा अशाच कोअरने होतात. आता वाळूचा कोअर लोखंडाच्या रसात काय करेल? लाकूड पाण्यात करते तेच. वर येऊ पाहील. पाच लिटर आकारमानाचा कोअर आठेक किलोचा असतो, पण तो बाजूला सारतो ते द्रव लोखंड पस्तीस किलोचे असते. म्हणजे जवळजवळ सत्तावीस किलोचा जोर त्याला वर ढकलत असतो. टेकू नीट बसले नाहीत तर कोअर सरकतो आणि भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. साच्याच्या वरच्या बॉक्सवर वजने ठेवतात किंवा तो आवळून धरतात, तेही याच कारणाने; द्रव धातूचा दाब बॉक्स उचलू शकतो.

ओतण्याची क्रिया काही सेकंदांची, पण तीतही साच्याची रचनाच कारभार बघते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन कॅम्पबेल यांनी ओतकामातल्या दोषांवर आयुष्यभर काम केले. धातूचा प्रवाह साच्यात शिरताना सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा वेगाने गेला तर त्याचा पृष्ठभाग फाटतो, त्यावरची ऑक्साइडची साय घडी पडून आत दुमडली जाते आणि गोठलेल्या धातूत ती अदृश्य चीर बनून राहते, असे त्यांनी दाखवले. अॅल्युमिनियममध्ये हे विशेष जाणवते. अर्धा मीटर वेग यायला धातूला किती उंचीवरून पडावे लागते? सव्वा सेंटिमीटर पुरते. म्हणजे नुसते वरून ओतले तर धातू बिघडलाच म्हणून समजावे. म्हणून धातू खाली उतरवायची नळी, आडवा रनर, वस्तूत शिरायची तोंडे यांची मापे अशी ठरवतात की धातू कुठेही उडी न मारता, खालून वर शांतपणे चढत जावा. लॅडल, म्हणजे ओतायचे भांडे, धरणाऱ्याचा हात स्थिर असायलाच हवा. पण त्या हाताने कितीही काळजी घेतली तरी चुकीच्या नळीतून धातू शांत वाहणार नाही.

आता गोठण्याकडे येऊ, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. द्रव धातूचे घन होताना बहुतेक धातूंचे आकारमान घटते. अॅल्युमिनियमचे सहा-सात टक्के, पोलादाचे तीनेक टक्के. ही घट कुठून तरी भरून यायला हवी, नाहीतर शेवटी गोठणाऱ्या जागी पोकळी राहते. शेवटी कोणती जागा गोठते? १९४० साली क्व्होरिनोव्ह यांनी याचा साधा नियम मांडला. गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या आणि दहा बाय दहा सेंटिमीटरची, एक सेंटिमीटर जाडीची पट्टी घ्या. घनात धातू दहापट आहे, पण तो गोठायला वेळ लागतो सोळापट. म्हणून जिथे पातळ पट्टी जाड गोळ्याला जोडलेली असते तिथे पट्टी आधी घट्ट होते, तिच्यातून धातूचा पुरवठा तुटतो, आणि गोळा आपल्यातच आकसून पोटात खड्डा करतो. उपाय म्हणून गोळ्याच्या डोक्यावर त्याहूनही उशिरा गोठणारी धातूची टाकी ठेवतात. हा रायझर, तो वस्तूला शेवटपर्यंत धातू पाजत राहतो आणि मग कापून पुन्हा भट्टीत जातो. साधे बीड इथे थोडे उदार आहे, कारण गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर येतो आणि ग्रॅफाइट जागा व्यापतो, त्यामुळे घट बरीचशी भरून निघते. पण या उदारपणाचा फायदा घ्यायचा तर साचा घट्ट हवा. सैल वाळू बाजूला सरली की फुगवटा वाया जातो आणि खड्डा राहतोच. पुन्हा वाळूच.

साचा धातूला आकार देतो, एवढे सगळे मान्य करतात. तो धातूचा स्वभावही ठरवतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. याचा पुरावा नांगरात आहे. इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली नांगराच्या फाळाचे पेटंट घेतले. फाळाच्या खालच्या बाजूला वाळूऐवजी धातूचा साचा ठेवला की तिथले बीड झटकन थंड होते, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही आणि ते पांढरे, काचेसारखे कठीण बनते. वरच्या वाळूतली बाजू सावकाश गोठून मऊ राहते. शेतात मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे राहते आणि फाळ आपोआप धार धरतो. भट्टी एक, लॅडल एक, धातू एक. फरक फक्त कोणत्या बाजूने उष्णता किती वेगाने निघून गेली याचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला तो लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे यांच्या बळावर. महाराष्ट्राच्या यंत्रयुगाच्या पायाशी ओतकाम आहे, हे म्हणूनच आपण विसरता कामा नये.

इतिहास मात्र आगीलाच श्रेय देत आला आहे. श्रॉपशरच्या अब्राहम डार्बी यांचे नाव १७०९ सालासाठी घेतले जाते, कारण त्या वर्षी त्यांनी लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले. त्याआधी दोन वर्षे, १७०७ मध्ये, त्यांनी घेतलेले पेटंट क्वचितच कोणाला आठवते. ते बिडाची पातळ भांडी वाळूत ओतण्याचे होते. तोवर ही भांडी चिकणमातीच्या साच्यात होत, जड आणि महाग. डार्बींचा धंदा उभा राहिला तो पातळ, हलक्या, स्वस्त भांड्यांवर. कोकवर गाळलेल्या लोखंडात सिलिकॉन जास्त असल्यामुळे ते पातळ साच्यातही मऊ राहत असे. आग आणि वाळू यांची जोडी होती, आणि जोडीतल्या एकीचेच नाव पाठ्यपुस्तकात राहिले.

आपल्या मातीतले दाखले तर याहून जुने आहेत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली चार धातुशिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांचा काळ आणि धातूतले आर्सेनिकचे प्रमाण यांवर तज्ज्ञांत मतभेद झाले. पण ती भरीव ओतीव आहेत आणि एवढ्या जाडीचे भरीव ओतकाम न फुटता उतरवणाऱ्याला गोठण्याचे भान होते, हे कोणालाही दिसते. मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचे थर द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात मानसोल्लासात सविस्तर लिहून ठेवली आहे. मेणाच्या वजनावरून किती धातू घ्यावा याचा हिशेबही त्यात आहे. आणि विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. तांबे सुमारे ऐंशी टक्के आणि उरलेले कथील अशा घंटेच्या धातूची ही तोफ जवळजवळ पंचावन्न टनांची मानली जाते. एवढा धातू वितळवायला अनेक भट्ट्या एकाच वेळी लागल्या असणार, हे खरे. पण जमिनीतल्या त्या प्रचंड साच्याने आणि त्यातल्या गाभ्याने दगा दिला असता तर सगळा धातू मातीत गेला असता.

यावर धातुशास्त्राचा जाणकार म्हणेल, तुम्ही रसायनाला कमी लेखता. बीड ठिसूळ असते ते त्यातल्या पापुद्र्यासारख्या ग्रॅफाइटमुळे, आणि तो दोष साच्याने गेला नाही. तो घालवला इंटरनॅशनल निकेल कंपनीतल्या कीथ मिलिस यांनी. १९४३ साली त्यांनी द्रव लोखंडात थोडे मॅग्नेशियम घातले आणि ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल दाण्यांचे झाले. १९४८ मध्ये हे जगापुढे आले आणि आज फौंड्रीत ज्याला एसजी म्हणतात ते लोखंड जन्माला आले. जेमतेम ०.०४ टक्के मॅग्नेशियमने हातोड्याखाली फुटणारे बीड वाकणारे झाले, त्याच्या काही प्रती तुटण्यापूर्वी अठरा टक्के ताणल्या जातात. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो मान्य करते. भट्टीवरचा माणूस चुकला तर साचा त्याला वाचवू शकत नाही. पण मॅग्नेशियम करते काय, तेही बघावे. ते ग्रॅफाइटने गोठताना कोणता आकार घ्यावा एवढे बदलते. मॅग्नेशियम दिलेले तेच लोखंड फार जाड भागात सावकाश गोठले तर दाणे बिघडतात, फार पातळ भागात झटकन गोठले तर कठीण कार्बाइड बनते. एका लॅडलमधून दोन साच्यांत दोन वेगळी लोखंडे निघतात. रसायन शक्यता उघडते. त्यातली कोणती प्रत्यक्षात उतरेल, ते थंड होण्याचा वेग ठरवतो.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि तो सामान्य माणसाच्याही मनात असतो: ओतीव ते कच्चे, घडीव ते पक्के. त्याला इतिहासातले भीषण आधार आहेत. १८४७ साली इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा ओतीव तुळयांचा रेल्वे पूल गाडीखाली मोडला. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा पूल चालत्या गाडीसह कोसळला आणि गाडीतला एकही माणूस वाचला नाही. या दुसऱ्या दुर्घटनेची चौकशी मुळातून अभ्यासण्यासारखी आहे. पुलाचे ओतीव स्तंभ जिथे तिरप्या पट्ट्यांना जोडले होते तिथले कान तुटले होते. त्या कानांतली बोल्टची भोके छिद्रणीने पाडलेली नव्हती, ओतताना ठेवलेली होती, त्यामुळे ती निमुळती होती आणि बोल्टचा भार कडेवरच येत होता. स्तंभांच्या भिंती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होत्या. म्हणजे कोअर सरकला होता. आणि ब्लो-होल मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजवून वर रंग दिला जात होता, अशी साक्ष फौंड्रीतल्या कामगारांनी दिली. पुलाचे अभियंते थॉमस बाऊच यांनी वाऱ्याच्या दाबाचा विचारच केला नव्हता, हा मोठा दोष होताच. पण ओतकामातला प्रत्येक दोष बघा: गाभा, भोक, फुगा. एकही भट्टीचा नाही. सगळे साच्याचे आणि साचा तपासणाऱ्याच्या नैतिकतेचे. दुसरीकडे १७७९ साली सेव्हर्न नदीवर उभारलेला लोखंडी पूल आजही उभा आहे, कारण त्याच्या कमानीत बीड दाबाखाली आहे, आणि बीड दाबाला ताणापेक्षा तिपटी-चौपटीने तोंड देते. धातू कच्चा नव्हता. त्याला कुठे वापरायचे आणि त्याच्या पोटात काय आहे, हे माहीत असण्याचा प्रश्न होता.

तिसरा आक्षेप आजचा आहे. संगणकावर साच्यातले गोठणे आधीच बघता येते, आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ऑटोकास्टसारख्या प्रणाली शेवटी कुठे पोकळी राहील ते दाखवतात, स्वयंचलित यंत्रे तासाला शेकडो साचे पाडतात, थ्री-डी प्रिंटर पॅटर्नशिवायच वाळूचा साचा छापतो; मग मोल्डरचे ज्ञान हवेच कशाला? या साधनांचे स्वागतच करायला हवे. पण ती माझ्या म्हणण्याच्या बाजूने साक्ष देतात. ओतकामात एवढी गणिती शक्ती ओतली गेली ती गोठण्याच्या अंदाजासाठी आणि साचा नेटका करण्यासाठी. शिवाय संगणकाला दिलेली वाळू कागदावरची असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेची ओल चढते, परतून आलेली वाळू अजून गरम असते, जळलेली माती आणि कोळसा साचत जातो, आणि सकाळच्या वाळूचे गुण दुपारी राहत नाहीत. हा बदल ओळखून मिश्रण सुधारणारा माणूस नसेल तर स्वयंचलित यंत्र तासाला शेकडो सदोष साचे पाडेल, एवढेच. यंत्राने मोल्डरच्या पाठीवरचा भार कमी केला, ते चांगलेच झाले. त्याच्या निर्णयाची गरज कमी झालेली नाही.

विजेच्या गाड्या आल्या, इंजिन गेले की फौंड्री संपेल, अशीही भीती बोलून दाखवली जाते. इंजिन ब्लॉक आणि हेड यांवर जगणाऱ्या फौंड्र्यांना ही चिंता खरीच आहे आणि तिला गुळमुळीत उत्तर देऊ नये. पण टेस्लाने मॉडेल वाय गाडीच्या मागच्या तळाचे सत्तरएक पत्र्याचे तुकडे काढून त्या जागी अॅल्युमिनियमचे एकदोन प्रचंड ओतीव भाग बसवले, तेव्हा वाहनउद्योग ओतकामाकडे आणखी सरकला. मोटरचे कवच, बॅटरीची पेटी, पंप, व्हॉल्व्ह, पवनचक्कीचा मध्यभाग हे सगळे ओतीवच आहे. बदलेल तो धातू आणि साचा. बिडाकडून अॅल्युमिनियमकडे जायचे तर प्रवाहाचा वेग, ऑक्साइडची साय, वायू यांचे भान कितीतरी तीक्ष्ण लागेल, आणि ज्या फौंड्रीने आपल्या मोल्डरला हे शिकवले असेल ती तगेल.

आता हिशेबाकडे. भट्टीवर आपण खर्च करतो, कारण विजेचे बिल डोळ्यांपुढे असते. एक टन बीड वितळवायला सिद्धांताने चारशेच्या आत युनिट पुरावीत, प्रत्यक्षात इंडक्शन भट्टी साडेपाचशे ते साडेसहाशे घेते. ही गळती थांबवण्यासाठी लेखापरीक्षणे होतात, अनुदाने मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण साच्याच्या दोषामुळे एक ओतीव भाग नाकारला गेला की त्याची सगळीच्या सगळी वीज वाया जाते आणि तो पुन्हा वितळवायला तेवढीच वीज परत लागते. चांगल्या वाळूने आणि जाणत्या माणसाने वाचवलेली वीज बिलात वेगळी दिसत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. साचे पाडण्याचे आणि वस्तू फोडून साफ करण्याचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणसांकडे, बरेचदा दूरच्या राज्यांतून आलेल्यांकडे असते. माणूस वर्षभरात बदलतो आणि त्याच्या बोटांना आलेली समज त्याच्याबरोबर निघून जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ओतकाम एका विषयातले एक प्रकरण म्हणून भेटते. रांचीला १९६६ साली देशाने खास या विद्येसाठी राष्ट्रीय फौंड्री व फोर्ज तंत्रज्ञान संस्था उभारली होती. अलीकडे तिचे नाव राष्ट्रीय प्रगत उत्पादन तंत्रज्ञान संस्था झाले. नावातून 'फौंड्री' गेली. हुशार मुले यावीत म्हणून ते केले असेल, तरी मला ते दुःखद वाटते. आपल्या शब्दाची लाज वाटायला लागली की त्या शब्दामागच्या माणसाचेही मोल घसरते.

आणि त्या माणसाच्या छातीत काय जाते, ते शेवटी सांगायलाच हवे. साचा फोडताना, वाळू चाळताना, वस्तू घासताना सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उठतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तो आहे. तो टाळता मात्र येतो: धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घेणारे पंखे, वाळू फोडण्याच्या बंदिस्त जागा, झाडण्याऐवजी ओढून किंवा ओले करून सफाई, सिलिका नसलेल्या वाळूंचा शक्य तिथे वापर, कंत्राटी कामगारासह सर्वांची नियमित छातीची तपासणी. यातले काहीही नवे किंवा परदेशी नाही. कोल्हापूर असो, पुणे असो वा बेळगाव, फौंड्रीच्या मालकांना आणि त्यांच्याकडून भाग घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे: रिजेक्शनचा टक्का तुम्ही रोज मोजता आणि त्यावर बैठका घेता; त्याच फळ्यावर, त्याच्याच शेजारी, त्या दिवशी साच्यांच्या खात्यात हवेत किती सिलिका होती तो आकडाही लिहा, आणि तो मोल्डरला वाचता येईल अशा भाषेत लिहा.